पिचिंचाच्या खांद्यावरचा काळा हमिंगबर्ड

इक्वेडोरची राजधानी क्विटो. या शहरानं 2005 साली एका हमिंगबर्डला आपला मानचिन्ह पक्षी केलं. तिथल्या बहुतेक माणसांनी तो जन्मात पाहिलेला नाही. लांबी जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर, वजन पाच ग्रॅमच्या आसपास, आणि नराचा रंग चक्क काळा. शहराच्या पश्चिमेला पिचिंचा ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या वायव्य उतारावर, साधारण 2,800 ते 3,500 मीटर उंचीच्या एका अरुंद पट्ट्यात याचं मुख्य घर. क्विटोतल्या कुठल्याही गच्चीवरून तो डोंगर रोज दिसतो. ढग नसतील तर अगदी माथ्यापर्यंत दिसतो. पक्षी मात्र डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कायमच्या ढगांत.

इंग्रजीत त्याला ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग म्हणतात, तिथल्या स्पॅनिशमध्ये सामारितो पेचिनेग्रो. मी इथे नुसतं पफलेग म्हणेन. पफलेग गटातल्या बहुतेक हमिंगबर्डच्या पायांवर पांढऱ्या मऊ पिसांचे गोंडे असतात, आणि लांबून त्यांची ओळख पटवायची ती बऱ्याचदा त्या गोंड्यांवरूनच.

हमिंगबर्डचा विषय काढला की आपल्याकडे कुणी ना कुणी जास्वंदीवर बसलेल्या शिंजिराचा फोटो पाठवतं. शिंजीर मला मनापासून आवडतो, पण या दोघांचं नातं फक्त मधाशी. शिंजीर हा गाणाऱ्या पक्ष्यांतला. तो शक्यतो फुलाच्या देठावर बसून मध पितो, तरंगलाच तर क्षणभर. हमिंगबर्डचे जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या, आपल्या जुन्या पुलांखाली आणि किल्ल्यांच्या दरवाज्यांत घरटी करणाऱ्या. हमिंगबर्डचे पंख खांद्यातून असे फिरतात की खाली येतानाही उचल मिळते आणि वर जातानाही. म्हणून तो हवेत एका जागी थांबू शकतो, मागे सरकू शकतो. त्याच्या सुमारे 360 जाती आहेत आणि सगळ्याच्या सगळ्या अमेरिका खंडांत. एकट्या इक्वेडोरमध्ये 130 च्या वर. महाराष्ट्राहून लहान असलेल्या देशात इतक्या जाती कशा राहतात, याचं उत्तर डोंगरात आहे. अँडीजच्या उतारावर दर काही शे मीटरला हवा बदलते, झाडं बदलतात, फुलाच्या नळीची लांबी बदलते. प्रत्येक मजल्यावर वेगळे भाडेकरू. पफलेगच्या वाट्याला जो मजला आला तो फारच लहान.

त्यातही त्याला आवडते ती डोंगराची धार आणि तिथलं बुटकं, वाऱ्यानं पिळवटलेलं, शेवाळानं लडबडलेलं रान. नेमक्या याच आवडीनं त्याचा घात केला. अँडीजचे उतार खडे आहेत, तिथं माणसाला काही करता येत नाही. डोंगराची सोंड मात्र वर जरा सपाट असते. त्यामुळे जंगल तुटलं ते आधी धारेवरचं. तिथं बटाटा लावला, गुरं सोडली. आणि सगळ्यात जास्त, तिथल्या झाडांचा कोळसा केला.

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन 1852 सालचं, बूर्सिए आणि म्युल्सां या दोन फ्रेंच अभ्यासकांचं. बूर्सिए त्याआधी इक्वेडोरमध्ये फ्रान्सचे वाणिज्यदूत होते. त्या शतकात हमिंगबर्डच्या कातड्यांचा मोठा व्यापार चाले. युरोपात बायकांच्या हॅटवर, काचेच्या पेट्यांत, संग्राहकांच्या खणांत लाखोंनी पक्षी गेले. जगभरच्या संग्रहालयांत या एका पफलेगची शंभराहून जास्त कातडी आहेत. आज आख्ख्या डोंगरावर एवढे पक्षी एकदम दाखवा म्हटलं तर कुणालाही दाखवता येणार नाहीत. खणातल्या कातड्यांवरूनच कळतं की एकेकाळी हा पक्षी बऱ्यापैकी भेटत असणार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र नोंदी इतक्या तुरळक झाल्या की तो उरलाय की नाही, अशीच शंका होती. मग 1993 मध्ये तो पुन्हा दिसला.

मी यानाकोचाला गेले ती हे सगळं वाचून. हे राखीव रान पिचिंचाच्या त्याच उतारावर आहे. होकोतोको नावाच्या संस्थेनं ते 2001 मध्ये उभं केलं, मुख्यतः या पक्ष्यासाठी. ही संस्थाही एका पक्ष्यामुळेच जन्माला आलेली. 1997 साली दक्षिण इक्वेडोरमध्ये होकोतोको अँटपिट्टा हा शास्त्राला अजिबात ठाऊक नसलेला पक्षी सापडला आणि त्याचं जंगल वाचवायला पुढच्याच वर्षी लोक एकत्र आले. मला ही पद्धत फार आवडते. आधी जंगल विकत घ्यायचं, राखणदार नेमायचे, परिषदा नंतर.

शहराच्या उत्तर टोकापासून नोनो गावाच्या वाटेनं अंधारातच निघायचं. कच्चा रस्ता, एका बाजूला कुरणं, दुसऱ्या बाजूला बटाट्याची शेतं. उजाडताना दिसलं की रान कुठेच नाही, नुसत्या हिरव्या गुळगुळीत टेकड्या. मी मनात म्हटलं, छान आहे. लगेच लक्षात आलं, हे छान दिसतंय तेच तर गेलेलं जंगल. सोंडा अशाच बोडक्या होत गेल्या.

आमच्या गाईडबाई त्याच बाजूच्या वस्तीतल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर लोकरीची टोपी. माझं स्पॅनिश कामचलाऊ, त्यांचं इंग्रजी पक्ष्यांच्या नावांपुरतं. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते हे की हळू चाला. वाट जवळपास सपाट आहे, पण उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. या वाटेला त्रोचा इंका म्हणतात. दहा पावलं भरभर टाकली की छाती धपापते. हळू चाललं की आपोआप जास्त दिसतं, हा त्यातला फायदा.

मेघवनाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण ओलाव्याचा अंदाज पुस्तकातून येत नाही. पाऊस नव्हता, तरी झाडाखाली टपटप चालू होती. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा या उताराला धडकते, वर चढते, थंड होते आणि ढग होऊन रानात शिरते. पानं, शेवाळं, दगडफूल, फांद्यांवर वाढलेली ब्रोमेलियाडं, म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं, हे सगळे मिळून त्या ढगातलं पाणी गाळून घेतात. एका वाकड्या फांदीवर मी जवळ जाऊन पाहिलं. लाकूड कुठेच दिसत नव्हतं. वर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यात नखाएवढी आमरी, तिच्या शेजारी नेच्याचं कोवळं वळकटी पान, आणि या सगळ्याखाली पाण्यानं भिजून गच्च झालेला काळा मातीसारखा थर. झाडावरची माती. मी बोट टेकवलं तर पाणी मनगटापर्यंत आलं. आंबोलीत किंवा महाबळेश्वरला जुलैत फांद्या अशा दिसतात, पण तिथं ते चार महिन्यांचं. इथं बाराही महिने.

पुढे वाटेवर पॉलिलेपिसची झाडं लागली, तांबूस, कागदासारख्या सुटणाऱ्या सालीची. त्यांच्या आसपास पहिले हमिंगबर्ड दिसले.

सकाळच्या त्या थंडीत हा एवढासा जीव जगतो कसा, हे मला कधीपासूनचं कोडं होतं. उडताना त्याचं हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके टाकतं. रात्री मध नाही, आणि शरीर इतकं लहान की ऊब धरून ठेवणंच कठीण. म्हणून अँडीजमधले हमिंगबर्ड रात्री स्वतःला जवळजवळ बंद करतात. पेरूच्या अँडीजमध्ये सुमारे 3,800 मीटर उंचीवर केलेला एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्लॅक मेटलटेल जातीच्या एका हमिंगबर्डचं शरीर रात्री जवळपास 3 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं आढळलं. पक्ष्यांत इतकं कमी तापमान याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं. पहाटे तो स्नायू थरथरवून पुन्हा ऊब आणतो आणि पहिल्या फुलाकडे जातो. म्हणजे आपण सकाळी जो पक्षी पाहतो तो काही वेळापूर्वी हाताला थंडगार लागला असता. हे माहीत असल्यावर त्याच्याकडे नुसतं सुंदर म्हणून बघता येत नाही. सकाळच्या त्या पहिल्या फुलाचं काय मोल असेल, हे कळतं. आणि धारेवरची फुलझाडं तोडणं म्हणजे नेमकं काय तोडणं, तेही.

वाटेवर काही ठिकाणी साखरपाण्याचे फीडर टांगलेले आहेत. तिथं बाक आहेत, आडोसा आहे, आणि उभं राहिलं की पाच मिनिटांत डोकं चक्रावतं. तलवारचोच्या हमिंगबर्ड मी इथंच पाहिला. जगात चोच अंगापेक्षा लांब असलेला हा एकच पक्षी, शेपूट सोडून मोजलं तर. बसला की मान वर करून, चोच आभाळाकडे रोखून बसतो. त्या चोचीनं पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून पायानं खाजवतो. त्याची चोच जाते ती कृष्णकमळाच्या जातीतल्या लांब नळीच्या फुलांत. मग ग्रेट सफायरविंग आला, हमिंगबर्डच्या मानानं धिप्पाड, पंख इतके सावकाश हलवणारा की ते चक्क दिसतात.

पण आम्हाला हवा असलेला पक्षी लाजाळू. फीडरवर दांडगाई चालते. मोठे पक्षी लहानांना हाकलतात, आणि पफलेग भांडणात पडत नाही. त्याच डोंगरावरच्या एका खासगी राखीव रानात तो फीडरवर नेमानं येतो असं ऐकलं होतं. तिथं गेले असते तर खात्री जास्त होती. मला मात्र तो फुलावर बघायचा होता, ज्या झाडासाठी तो या उंचीवर येतो त्या झाडासकट. गाईडबाईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, “मग नोव्हेंबरचे दिवस बरोबर. फुलं आत्ताच वर आली आहेत.” पफलेग वर्षभर एका ठिकाणी राहत नाही. फुलोरा डोंगरावर वरखाली सरकतो तसा तोही सरकतो. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो या वरच्या रानात असतो.

पुढचे कितीतरी तास आम्ही झुडपांसमोर उभ्या होतो. पालिकोरियाची झाडं, नळीसारख्या लहान फुलांची. समोरून येणारा प्रत्येक लहानसा काळपट पक्षी आधी पफलेगच वाटतो. टिरियन मेटलटेल ढगाळ उजेडात काळा दिसतो. सोनेरी छातीच्या पफलेगलाही पांढरे गोंडे असतात, सफायर-व्हेंटेड पफलेगलाही. धुक्यात हिरवा रंग मरतो. हमिंगबर्डचे रंग बहुतेक रंगद्रव्याचे नसतात. पिसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात आणि उजेड त्यांच्यावरून विशिष्ट कोनातून परतला तरच रंग पेटतो. तो कोन चुकला की जांभळाही काळा, हिरवाही काळा. त्यामुळे इथं पक्षी दिसला म्हणजे ओळखला असं होत नाही. त्यानं मान वळवायला लागते, आणि नेमका त्याच वेळी उजेड असायला लागतो.

ढग दाट झाले. समोरचं झाडही जाऊन नुसता आवाज उरला. गाईडबाई बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतत होत्या. तेवढ्यात त्या न हलता, कप तसाच धरून, एवढंच म्हणाल्या, “मिरा.” बघा.

तो माझ्या कमरेच्या उंचीवर होता. मी कायम वर बघत होते. वाटेच्या कडेच्या झुडपात, तीन-साडेतीन मीटरवर, एका फुलाला पायांनी धरून लटकला होता आणि पंख अर्धे उघडे. त्यामुळे ते दोन पांढरे गोंडे आधी दिसले, पिंजलेल्या कापसाइतके मोकळे. त्यांच्या वर काळं अंग. दुर्बीण लावली तर इतक्या जवळ नीट फोकस होईना, म्हणून खाली केली आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. काळा म्हणजे कोळशासारखा मेलेला काळा नाही, पाठीकडे किंचित हिरवट झाक असलेला. शेपूट गडद निळं, मधे खाच असलेलं. चोच सरळ, बारीक. त्यानं एक फूल सोडलं, दुसऱ्यासमोर तरंगला आणि मान आमच्याकडे केली. तेव्हा गळ्यावरचा एक लहानसा ठिपका जांभळा-निळा पेटला आणि विझला. आणखी दोन फुलं. मग तो उताराच्या बाजूला खाली गेला.

मी काही बोलले नाही. गाईडबाईंनी आधी चहाचा घोट घेतला, मग वहीत वेळ लिहिली, उंची लिहिली, नर असं लिहिलं, आणि ज्या फुलावर होता त्या झाडाचं नाव. मला म्हणाल्या, झाडाचं नाव लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. पक्षी कुठे दिसला हे पुष्कळ जण लिहितात, काय खात होता हे कुणी लिहीत नाही, आणि उद्या रोपं लावायची झाली तर तेच लागतं.

परतताना त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा याच धारांवर कोळसा पाडायचे. झाड तोडायचं, ओंडके रचायचे, वर माती लिंपायची, आत विस्तव घालून दिवसच्या दिवस धुमसू द्यायचं. मग गोण्या भरून खेचरांवरून क्विटोला. शहरातल्या चुली, बेकऱ्या, इस्त्रीवाले, सगळ्यांना हा कोळसा लागायचा. “आम्हाला दुसरं काय होतं?” त्या म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यात अपराधीपणा नव्हता, आणि असायचं कारणही नाही. मला आठवली आपली लोणारी कोळशाची गोणी. सह्याद्रीत कातकऱ्यांची बिऱ्हाडं अशाच भट्ट्यांवर राबली, आगाऊ घेतलेली उचल फेडत, आणि कोळसा गेला मुंबई-पुण्याला. रानावर कुऱ्हाड चालवणारे हात नेहमी सगळ्यात गरीब माणसाचे असतात. जळण ज्याच्या घरी पेटतं त्याला डोंगर कधी विचारत नाही. क्विटोनं मानचिन्ह म्हणून नेमका हाच पक्षी निवडला याचं मला म्हणूनच फार मोल वाटतं. देखणे, सहज दिसणारे पक्षी त्या शहराकडे भरपूर आहेत. त्यांनी निवडला तो ज्याचं घर शहराच्या चुलींत जळालं तो. ती निवड करताना कुणाच्या मनात हे होतं की नाही, याची मला कल्पना नाही. पण मी त्या शहरात राहत असते तर पोरांना हेच सांगितलं असतं.

गाईडबाईंनी मग माझ्या फोनवर आपल्याकडचे पक्षी बघितले. सह्याद्री शिंजिराचा फोटो बघून थांबल्या. लाल छाती, त्यात पिवळ्या रेघा. हा कुठे असतो, असं विचारलं. मी म्हटलं, फक्त आमच्या पश्चिम घाटात, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न केला, “मग त्याला कोण राखतं?” मी अभयारण्यांची नावं सांगितली, देवराया म्हणजे काय ते जमेल तसं सांगितलं. शिंजीर पफलेगइतका अडचणीत नाही, हेही सांगितलं. देवराईची कल्पना त्यांना लगेच कळली. आमच्या आजोबांनीही एका ओहोळाच्या उगमाशी कधी झाड तोडलं नाही, म्हणाल्या. पाणी आटेल म्हणून.

राखीव रान झालं म्हणून सगळं झालं असं नाही. यानाकोचा उभं राहत होतं त्याच सुमाराला, 2001 ते 2003 मध्ये, जड तेलाची मोठी वाहिनी अ‍ॅमेझॉनकडून किनाऱ्याकडे टाकली गेली आणि तिचा मार्ग याच उत्तरेकडच्या डोंगरांतून, मिंदोच्या जंगलावरून नेला. मिंदोच्या लोकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी कडाडून विरोध केला, तरी ती झालीच. धारेवरून जाणारी वाहिनी म्हणजे पफलेगच्या अंगणातून जाणारी वाहिनी.

चांगली बातमी उत्तरेकडून आली. पिचिंचापासून बरंच दूर, इंताग खोऱ्याच्या वर टोइसान नावाची डोंगररांग आहे. तिथं 2006 साली हाच पफलेग सापडला. तोवर सगळी जात एका ज्वालामुखीच्या खांद्यावर आहे असंच धरलं जात होतं. एक मोठा वणवा, एक वाईट वर्ष, आणि संपलं. दुसरा डोंगर मिळाला म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळाली. पण त्याच रांगेच्या पोटात तांबं आहे. इंतागमधले गावकरी 1990 च्या दशकापासून खाणीविरुद्ध उभे आहेत. इक्वेडोरनं 2008 च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आणि पुढे कोर्टांनी ते खरंच वापरले. डिसेंबर 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयानं लोस सेद्रोस या मेघवनातलं खाणकाम याच हक्कांच्या आधारे थांबवलं. मार्च 2023 मध्ये इम्बाबुराच्या प्रांतिक न्यायालयानं इंतागमधल्या ल्युरिमाग्वा खाणप्रकल्पाचे परवाने रद्द केले. या खटल्यांचे कागद वाचले तर त्यात बेडूक आहेत, माकडं आहेत, नद्या आहेत. ज्यांनी हे खटले लढवले त्यांतले कित्येक जण कॉफी पिकवणारे छोटे शेतकरी आहेत. जंगलाच्या सावलीत वाढलेली ती कॉफी विकत मिळते, आणि खोऱ्यात गेलं तर राहायची सोयही गावकऱ्यांच्या घरीच होते.

गाईडबाई म्हणाल्या की टोइसानची चढण यानाकोचासारखी सपाट नाही, चिखल गुडघ्यापर्यंत असतो, आणि वर पोचलं तरी ढगांमुळे दिवसच्या दिवस काही दिसत नाही. त्या स्वतः अजून तिथं गेलेल्या नाहीत. पुढच्या नोव्हेंबरात जाऊ म्हणाल्या, वही घेऊन. तिथला पफलेग कुठल्या फुलावर येतो ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.